उंटाच्या टेकडीसमोरचं घर

ताई बसस्टँडवर सापडल्या तेव्हा त्या हरवलेल्या वगैरे मुळीच दिसत नव्हत्या. पर्स काखेत, पायात चपला नीट, आणि चौकशीच्या खिडकीतल्या माणसाशी हुज्जत रंगात आलेली. त्यांना तिकीट हवं होतं. कुठलं, असं त्याने विचारलं, तर त्या म्हणाल्या, "उंटाच्या टेकडीचं."

"आजी, गावाचं नाव सांगा."

"नाव माहीत असतं तर तुमच्याकडे चौकशीला कशाला आले असते?"

मागे रांग खोळंबली. शेवटी रांगेतल्याच एका बाईने ताईंना बाकावर बसवलं, त्यांच्या पर्समधून नंबर शोधून फोन लावला, आणि ताईंचा मुलगा ऑफिस अर्धवट सोडून धावत आला. आईला घरी पोचवून तो तडक मामांकडे गेला.

मामा म्हणजे नाना, ताईंचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली. नकाशांवर अक्षरं लिहिणं हे त्यांचं काम. नद्यांची नावं पाण्याच्या वळणाने लिहायची, डोंगरांची ऐसपैस पसरून, आणि गावांची इतकी बारीक की गावकऱ्यालाही भिंग लागावं. माणूस अबोल. दुकानात सुटे पैसे मागायचे तरी आधी मनातल्या मनात वाक्य जुळवून घेणार. पुस्तकं भरपूर वाचलेली, पण चारचौघांत विषय निघाला की आपलंच काहीतरी चुकत असेल असं वाटून गप्प बसणार.

"मामा, बास झालं आता," भाचा बसायच्या आधीच म्हणाला. "आईला एकटं ठेवायचं नाही. तिचं घर बंद करतो. नदीपलीकडे तो ज्येष्ठांचा निवास झालाय ना, तिथे एक खोली बोलून ठेवलीय. डॉक्टर रोज येतात, माणसं चांगली आहेत."

"तिला विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, मला घर आहे की. म्हटलं, कुठलं घर, तर ते उंटाचंच सुरू केलं!"

हे उंटाचं प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं. गेली काही वर्षं ताई एका घराबद्दल सांगत. समोर दोन वशिंडांची टेकडी, मावळता सूर्य बरोबर मधल्या खाचेत उतरायचा. नदी घराला वळसा घालून जायची. दारातून तीन पायऱ्या उतरल्या की पाणी. आणि डाव्या हाताला चुन्याची भट्टी, तिचं धुराडं वाकलेलं. नानांना यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. दोघं भावंडं जन्मली आणि वाढली ती शहरात, छापखान्यामागच्या दोन खोल्यांत. तिथून टेकडी सोडाच, समोरच्या इमारतीची गच्चीसुद्धा धड दिसत नसे. पण हे कोणी म्हटलं की ताई म्हणत, "तू तेव्हा कुठे होतास? तुझ्या आधीची गोष्ट आहे ही."

"नसलेल्या घरी जायला निघते ती," भाचा म्हणाला. "आज तिकीट मिळालं नाही म्हणून वाचलो. उद्या मिळालं तर?"

नाना कधी कोणाला उलट बोलत नसत. त्या दिवशी तोंडातून कसं निघालं त्यांनाच कळलं नाही. "आणि घर असलं तर?"

"काय?"

"म्हणजे... असलंच, आणि ती राहिलेलीच असली तिथे, तर मग तो भ्रम नव्हे ना. आठवणच झाली."

भाचा आता कुठे खुर्चीत टेकला. तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला होता. "ठीक आहे. तुम्ही ते घर दाखवा, मी तिच्या घराला हात लावणार नाही. पण महिनाअखेरच्या आत. खोली तोवरच धरून ठेवणार आहेत."

झालं. नाना वाचनालयात जाऊन बसू लागले.

वरच्या मजल्यावर जुन्या नकाशांचं दालन होतं. तिथल्या ग्रंथपाल बाईंना बारमाही सर्दी. रुमाल नाकाला लावूनच त्यांनी विचारलं, "गाव कुठलं?"

"नाव नाही माहीत. आकार माहीत आहे," नाना म्हणाले, आणि आपण किती विचित्र बोललो ते जाणवून कानापर्यंत लाल झाले.

पण खरंच त्यांच्याकडे आकारच होता. दोन वशिंडांची टेकडी नकाशात कशी दिसेल हे त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. उंचीच्या रेषांचं एक मोठं कडं आणि त्याच्या पोटात शेजारी शेजारी दोन लहान, चष्मा ठेवल्यासारखी. सूर्य टेकडीआड मावळायचा, तेव्हा घर टेकडीच्या पूर्वेला. नदी तीन बाजूंनी. आणखी एक धागा होता. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, तरुणपणी शहरात आले ते वरच्या अंगाने, नदी धरून, एवढं घरात अधूनमधून कानावर पडलेलं. त्यापलीकडे अप्पा स्वतःबद्दल बोलत नसत. नानांचा स्वभाव कोणावर गेला ते सांगायलाच नको. तेव्हा नाना शहरापासून निघाले आणि बोटाने नदीच्या उलट दिशेने वर चढू लागले. नकाशांचे जाडजूड बांधीव खंड एकामागून एक उघडायचे, नदी पकडायची, प्रत्येक वळणाशी थांबायचं, आजूबाजूला चष्मा दिसतो का पाहायचं. एका ठिकाणी टेकडी सापडली पण एकच वशिंड. एका ठिकाणी दोन, पण नदीच्या भलत्या बाजूला. मध्ये तर त्यांना सगळ्याच टेकड्या उंट वाटू लागल्या. घरी जेवताना भाताच्या ढिगालाही ते उंचीच्या रेषा काढत बसले.

आणि एके दुपारी ते आलं. चष्मा, वळसा, वळशाच्या आत ओळखीच्या बारीक अक्षरांत एक नाव, आणि त्याच्या डाव्या अंगाला भट्टीची खूण. नानांनी त्या प्रांताच्या माहितीचा जुना ग्रंथ मागवला. त्यात त्या गावाला चार ओळी मिळाल्या होत्या. चुना चांगला निघतो, भट्टी अमुक घराण्याकडे आहे. आडनाव नानांचं होतं.

ते उठून उभे राहिले, मग परत बसले.

"काका, बरं नाही वाटत का?" बाईंनी विचारलं.

"सापडलं."

"काय हरवलं होतं?"

"घर," नाना म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता या आपल्याही घरच्यांना फोन लावणार असं त्यांना वाटलं.

नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात आवृत्तीचं वर्ष होतं. त्या वर्षी ताई सहा वर्षांच्या. नानांनी पानाची झेरॉक्स घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदाच रिक्षा करून भाच्याच्या ऑफिसात गेले.

भाच्याने झेरॉक्सवर बोट टेकवलं. "म्हणजे होतं."

"होतं."

"आणि आई तेव्हा सहाची."

"सहाची."

भाच्याने त्यांच्यासमोरच निवासात फोन लावला आणि खोली नको म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत ती दुसऱ्या कोणालातरी गेलीही. ताईंना बातमी सांगितली तर त्यांना कसलंच नवल वाटलं नाही. "मी काय बोंबलून सांगत होते मग? आता त्याची मोठी प्रत आण, भिंतीला लावते."

मोठ्या प्रतीसाठी नाना पुन्हा वाचनालयात गेले, आणि तिथेच सगळं बिनसलं.

पहिल्या झेरॉक्सचा तळ कापला गेला होता, कारण खंडाची बांधणी घट्ट आणि पानाची खालची कड शिवणीत गेलेली. या खेपेला नानांनी पान जरा जोर लावून उलगडलं. शिवणीच्या फटीत एक ओळ होती. मोजणीचं वर्ष, आणि पुढे "दुरुस्तीविना पुनर्मुद्रण." मोजणी ताईंच्या जन्माच्या कितीतरी आधीची. वरचं वर्ष फक्त छपाईचं. मधल्या काळात कोणी त्या गावाकडे फिरकलंही नव्हतं. जुनाच नकाशा नव्याने शाई लावून काढला होता.

ही ओळ नानांनी स्वतःच्या हाताने शेकडो नकाशांच्या तळाशी लिहिली होती. लिहिताना त्यांना नेहमी वाटायचं, ही वाचतं तरी कोण? आता न वाचणारा एक माणूस त्यांना माहीत झाला.

त्यांनी त्या प्रांताच्या ग्रंथाची पुढची आवृत्ती काढली. गावाच्या चार ओळी गायब. त्या जागी जलाशय. धरण भरलं त्या वर्षी अप्पांचं लग्नसुद्धा झालं नव्हतं.

म्हणजे ताई जन्मल्या तेव्हा ते घर पाण्याच्या तळाशी होतं.

नानांचं डोकं चालेना. गाव खरं, टेकडी खरी, भट्टी खरी, आडनावही आपलं. आणि ताई तिथे राहिल्या हे मात्र होऊच शकत नाही. मग त्यांना ठाऊक कसं? आईने सांगितलं असेल? आई तर शहरातलीच, तिने ते गाव पाहिलं कधी? की ताईंचं वयच चुकीचं नोंदलंय? त्या खरोखर मोठ्या असतील, तर मग त्यांची आई कोण? इथवर विचार गेल्यावर नाना स्वतःशीच ओशाळले. कै. अप्पांना भलतंच काहीतरी चिकटवल्यासारखं वाटलं त्यांना. भाच्याला सांगावं तर ताईंचं घर जातं. न सांगावं, तर खोटी साक्ष आपण दिलेली. ते दोन दिवस भाच्याचा फोन आला की न्हाणीघरात जाऊन बसत.

शेवटी ते ताईंकडेच गेले. ताई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जुन्या चादरीची फडकी कापत होत्या.

"आणलास नकाशा?"

"नाही. ताई, त्या घरात आपली आई कुठे असायची?"

"आई? आई नव्हती तिथे."

"कधीच?"

"मला तरी नाही आठवत. अप्पा होते." कात्री चालूच होती. "अप्पा चुलीपाशी बसले होते."

"स्वयंपाक करत?"

"छे रे. चूल थंडच. नुसते बसले होते. आणि वर आभाळ."

"वर म्हणजे? खिडकीतून?"

"वर म्हणजे वर! छप्पर नव्हतं ना घराला."

नाना जपून म्हणाले, "हे तू आधी कधी बोलली नाहीस."

"एकदा बोलले होते. तर सूनबाईने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा म्हटलं नाही. छप्पर नसलेल्या घरात राहायचे म्हटलं की लगेच डॉक्टरकडे नेतात." ताईंनी फडकं झटकलं. "कोनाड्यात शिंपले होते. मी फ्रॉकच्या ओच्यात भरून घेतले, अप्पांनी ते टाकायला लावले."

"शेजारीपाजारी कोणी?"

"कुण्णी नव्हतं. सगळीकडे नुसता चिखल. अप्पांनी मला खांद्यावर घेतलेलं, त्यांचे पाय रुतायचे. मी त्यांचे केस धरून ठेवले होते."

नानांच्या डोळ्यांपुढे काहीतरी हलल्यासारखं झालं. पण स्पष्ट होईना. "ताई, तू तिथे किती दिवस राहिलीस?"

आता मात्र कात्री थांबली. ताई विचारात पडल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसलं ज्याला भाचा घाबरायचा. आपल्याच हातातली वस्तू ओळखू न आल्यासारखं काहीतरी. "किती म्हणजे... राहिलेच असेन ना. अप्पा म्हणाले, हे आपलं घर. आपलं घर म्हणाले म्हणजे राहिलेच असणार. नाहीतर म्हणतील कशाला?"

नानांनी उरलेली फडकी कापून दिली, वाकडीतिकडी, आणि ताईंची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं मागून बसले. ताईंच्या लहानपणची वर्षं एकेक करून चाळली. एका उन्हाळ्यात, ताई पाचेक वर्षांच्या असतील, पावसाने दगा दिलेला, जलाशय आटलेला. आतल्या पानावर छोटीशी बातमी होती: पाण्याखालची गावं उघडी पडली, जुनी माणसं आपापली घरं बघायला येत आहेत. बस्स. कोण आले, कुठून आले, काही नाही. अप्पा आले होते की नव्हते, खांद्यावर कोणी पोर होती की नव्हती, हे बातमीत कशाला असेल? नानांनी ती तीनदा वाचली. प्रत्येक वेळी त्यांना वाटलं की आता उलगडलं, आणि प्रत्येक वेळी पुढच्याच क्षणी वाटलं की हे आपण आपल्या सोयीने जुळवतोय. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा कशावरून नाही चुकणार?

उठता उठता समोर आजचा ताजा पेपर पडलेला दिसला. त्यात होतं की त्याच धरणाच्या दारांची दुरुस्ती चालली आहे आणि पाणी बरंच खाली आणलं आहे.

रविवारी ताईंच्याच घरी, भाचा समोर असताना, नानांनी सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे अडखळत, मागेपुढे होत, मोजणीचं वर्ष आधी आणि छपाईचं नंतर, मग उलट. भाच्याने हात वर केला.

"मामा, एक मिनिट. ती राहिली होती की नव्हती?"

"राहिली नव्हती. म्हणजे नसणार. पण गेली होती. बहुतेक."

"बहुतेक?"

"आणि मी ती खोली सोडली!" असं भाचा बोलला नाही, पण त्याच्या कपाळावर ते लिहिलेलं होतं.

"माझ्याबद्दल बोलताय ना?" ताई म्हणाल्या. "मग माझ्याकडे बघून बोला. मी काही कपाट नाही."

मग नाना म्हणाले, "पाणी उतरलंय सध्या. बघता येईल." भाच्याने गाडीची किल्ली उचलली ती आशेने की वैतागून, ते नानांना कळलं नाही. बहुधा त्यालाही कळलं नसावं.

वाटेत ताई पुढच्या सीटवर बसून वळणं कशी घ्यावीत ते मुलाला सांगत होत्या. जलाशयाशी पोचले तेव्हा समोर टेकडी होती, आणि तिला वशिंड एकच होतं. भाच्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. नानांनी नकाशा फिरवला, टेकडीकडे पाहिलं, परत नकाशा फिरवला. पण रस्ता काठाने आणखी पुढे गेला, टेकडी हळूहळू कुशीवर वळली, आणि पहिल्याच्या आडून दुसरं वशिंड बाहेर आलं.

"उंट!" भाचा म्हणाला. पन्नाशीचा माणूस, पण पोरासारखा ओरडला.

ताई काच खाली करून बघत राहिल्या.

गाडी उभी करून तिघं उतरले. खाली राखाडी, भेगाळलेला गाळ पसरला होता. त्यातून भिंतींचे बुडखे, कुठे जोतं, कुठे नुसते दगडांचे ढीग. बरंच गाव अजून पाण्यातच होतं. आणखी दोन-तीन कुटुंबं हिंडत होती, कोणी कोणाचं घर दाखवत होतं. नानांनी भट्टी शोधली. वाकलेलं धुराडं कुठेच नव्हतं. पडलं असेल, किंवा पाण्यात असेल, किंवा तो समोरचा उंचवटा म्हणजेच ते असेल. नदीही आता नदी राहिली नव्हती. वळसा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ठरवायचं कसं? त्यांनी टेकडीवरून अंदाज बांधला. "इथे," असं म्हणून त्यांनी उजवीकडच्या एका ढिगाकडे हात केला.

त्याच वेळी ताई म्हणाल्या, "तिकडे," आणि डावीकडे, सरळ पाण्यात, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे बोट दाखवलं.

भाचा दोघांच्या मधे उभा होता. "मामा, नक्की कुठे?"

नानांनी नकाशा उलटा धरून पाहिला. आडवा धरून पाहिला. "नकाशाप्रमाणे तिथे. पण खाच इथून मधोमध दिसत नाही, ती तिकडून दिसेल. तसं असेल तर भट्टी... नाही, भट्टी डाव्या हाताला म्हणजे घरातून बाहेर बघताना की आत येताना? मी ते विचारलंच नव्हतं. मी सगळंच चुकीचं..." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नुसतं 'इथेच' म्हटलं असतं तरी भागणार होतं. "नाही रे. मला नाही कळत."

"ऊन लागलं का तुला?" ताईंनी विचारलं.

भाचा दगडावर बसला. आधी त्याचे खांदे हलले, मग तो मोठ्याने हसायला लागला. शेजारच्या कुटुंबाने वळून पाहिलं. "आई पाण्यात घर दाखवते. मामा ढिगाऱ्यात दाखवतात, आणि मग म्हणतात कळत नाही. अहो, गोंधळलेल्याला निवासात पाठवायचं असेल तर पहिली खोली तुम्हाला घ्यावी लागेल, मामा!"

"माझ्या शेजारची नको," ताई म्हणाल्या. "घोरतो हा. लहानपणापासून."

भाच्याने डोळे पुसले. मग तो आईकडे वळला. "राहा तू तुझ्या घरी. पण कुठे निघालीस की आधी मला फोन करायचा. बसस्टँडवर नाही जायचं."

"फोन केल्यावर तू येणार?"

"येईन."

"ऑफिस असलं तरी?"

"आई!"

"बरं, बरं. चल, हात दे. पाण्यापर्यंत जायचंय मला."

भाच्याने आईचा हात धरला आणि दोघं गाळ चुकवत डावीकडे निघाली. ताई मधेच थांबून काहीतरी दाखवत होत्या, तो मान हलवत होता. नाना नकाशा घेऊन तिथेच उभे राहिले. उजवीकडचा ढीग त्यांना अजूनही बरोबर वाटत होता, निदान अर्धाअधिक. जाऊन जोतं पाहावं, पायऱ्या तीन आहेत का मोजाव्यात, असं मनात आलं. एक पाऊल त्यांनी तिकडे टाकलंही.

"नाना! येतोस का?" ताईंची हाक आली. "इथे ये, इथून बघ."

नानांनी नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना, कोपरे एकमेकांवर येईनात. ती तशीच काखेत धरून ते त्यांच्या मागे निघाले, आणि जाताना दोनदा वळून त्यांनी उजवीकडे पाहिलं.